डुब्ल महाशयांस

डुब्ल महाशय,
तुम्हाला पत्र लिहिण्यात तसा अर्थ नाही.
तुम्ही नाहीच, हे काल दुपारी
काळ्या पावाचा तुकडा चावता चावता
लेइलीबाईंनी सिद्ध केलं.

पण चौदा महिने एकत्र काढले आपण,
तार्तूच्या ग्रंथालयात, तळघरात,
जिथल्या खिडकीतून फक्त रस्त्यावरचे बूट दिसतात
आणि नोव्हेंबर संपताना
चारच्या आत दिवस मिटतो.

पाद्र्यांची चार हजार पत्रं. जुनी जर्मन लिपी,
सगळी अक्षरं एकाच सुईत ओवल्यासारखी.
मी यंत्राला शिकवत बसले:
हा ‘ए’ आहे, ‘एन’ नव्हे.
ही शाई. हा मेणाचा ओघळ.
ही माशी, दोनशे वर्षांपूर्वी चिरडलेली, हिला स्वल्पविराम समजू नकोस.
यंत्र शिकलं, विद्यार्थ्यांपेक्षा कमी कुरकुर करत.
आणि एका सकाळी त्यानं तुम्हाला हजर केलं.

सहाशे बारा पत्रांच्या कोपऱ्यात, तुम्ही.
आलेख काढला तर मधोमध, जाळ्यातल्या कोळ्यासारखे.
रीगाचा पुस्तकविक्रेता, बेटावरचा बहिरा पाद्री,
विल्यांदीची ती विधवा, बटाट्याचं बियाणं मागणारी,
कुणी कुणाला ओळखत नव्हतं,
तुम्हाला मात्र सगळे.

तुर्कूच्या परिषदेत मला पंधरा मिनिटं मिळाली.
कुणीतरी विचारलं, कोण हे गृहस्थ? हेर? सावकार?
मी म्हटलं, त्यांचं मौनच बोलकं आहे.
तीन जणांनी ते वाक्य वहीत उतरवून घेतलं.
गुरुवारच्या वर्गात उर्मोनं तुमच्या स्वभावावर निबंध लिहिला:
सावध माणूस, पूर्ण सही कधीच करत नाही.
मी त्याला पैकीच्या पैकी दिले.
आता ते परत कसे मागू?

लेइलीबाई निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली,
तरी ऊब खायला येतात, इथले हीटर घरच्यापेक्षा बरे म्हणून.
पडद्याकडे पाहिलं, चष्मा कपाळावर ढकलला.
‘हा? अगं, हा तर माझा शिक्का!
डुब्लेट. दुसरी प्रत.
जी पत्रं दोनदा निघायची त्यांवर मारायचो.
जांभळी शाई पुरवून पुरवून वापरायची,
शेवटची अक्षरं उमटायचीच नाहीत.’

जांभळी.
आम्ही पानं काळ्यापांढऱ्यात टिपली होती,
पैसे वाचवायला.

तोतया म्हणावं तर तुम्ही कुणाला फसवलं नाहीत.
नावावर शिक्कामोर्तब होतं, ऐकून होते;
शिक्क्यालाच नाव फुटलेलं पहिल्यांदा पाहिलं.

तोनिसला सांगितलं. प्रकल्प त्याचा.
तो हसला, मग थांबला, मग म्हणाला,
‘चुकांवर लेख लिही, हल्ली चालतात.’
माझा करार मार्चपर्यंत. तिसरा.
उमेओला अर्ज गेलाय, त्यात पहिल्या ओळीत तुम्ही.

आज संध्याकाळी तुम्हाला पुसलं.
एक कळ, सहाशे बारा नोंदी.
जाळं उसवलं आणि माणसं पडद्याच्या कडेकडेला जाऊन उभी राहिली,
लग्नघरातून निघालेल्या परक्या पाहुण्यांसारखी.
विधवेला एकच धागा उरला,
त्या बहिऱ्या पाद्र्याकडे जाणारा,
ज्याचं उत्तर आमच्याकडे नाही.

बदलांच्या नोंदीत यंत्रानं आपणहून लिहिलं:
डुब्ल, काढून टाकले. करणार: मारेत.
मारेत माझ्या आधी या खुर्चीत बसायची.
दोन वर्षं झाली, ती ओउलूला गेली, शाळेत शिकवते म्हणे.
लॉगिन अजून तिच्याच नावावर आहे.
बदलून द्या म्हणून मी तीनदा कळवलं.

तर महाशय, राग नसावा.
दिवे आपोआप विझायला दहा मिनिटं आहेत.
विधवेचं पत्र मी आजवर मोजलं होतं, वाचलं नव्हतं.
दोन पोती हवीत तिला, बर्फ पडायच्या आत.
लाल सालीचे नकोत, म्हणते,
ते मागच्या वर्षी
घरात कुणी खाल्ले नाहीत.